ओरखडा कोणाचा, किल्ली कोणाकडे?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातल्या बायकांच्या संघटनांची एकत्र बैठक झाली. वर्षभराच्या शिबिरांची आखणी चालली होती. कायदा, आरोग्य, बचत गटांचे हिशेब, पंचायतीतल्या सदस्यांचे प्रशिक्षण, असे विषय फळ्यावर लिहून झाले. शेवटी "आणखी काही?" असे विचारल्यावर मी म्हटले, "अर्धा दिवस गाडीसाठी ठेवू या. चाक बदलणे, बॅटरी उतरली तर काय करायचे, आणि गाडीवरचे छोटे ओरखडे घरच्या घरी कसे काढायचे."

क्षणभर कोणी बोलले नाही आणि मग सगळ्याजणी हसल्या. एक ज्येष्ठ ताई आहेत, त्यांच्याकडूनच मी हे काम शिकले. त्या म्हणाल्या, "अगं, आपल्या बायांच्या पायात धड चप्पल नाही आणि तू त्यांना गाडीचं पॉलिश शिकवणार?" विषय तिथेच संपला. फळ्यावर आला नाही.

हा लेख म्हणजे त्या हसण्याला दिलेले उत्तर आहे. ताईंचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून तो पुढे सविस्तर घेते. आधी एका ओरखड्याची हकिगत सांगते. जिची आहे तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

दोन वर्षे जपलेला ओरखडा

त्या शाळेत शिकवतात, म्हणून इथे त्यांना नुसते 'बाई' म्हणते. बाई आमच्या समुपदेशन केंद्रात आल्या त्या वेगळ्या कारणाने. नवऱ्याने हात उचलला होता आणि पगाराचे एटीएम कार्ड त्याच्या खिशात असायचे. पहिल्या दोन भेटींत हेच बोलणे झाले. तिसऱ्या भेटीत, निघता निघता, पर्स खांद्याला लावत त्या म्हणाल्या, "आणि तो ओरखडा आहेच." मी विचारले, कसला ओरखडा? तेव्हा त्या परत खाली बसल्या.

चौतिसाव्या वर्षी त्या रीतसर क्लास लावून गाडी शिकल्या. लायसन्स काढले. गाडीच्या कर्जाचा अर्धा हप्ता त्यांच्या पगारातून जात होता. दुसऱ्याच आठवड्यात सोसायटीच्या फाटकातून गाडी मागे घेताना मागचे दार खांबाला घासले. वीतभर ओरखडा पडला. नवरा ओरडला नाही. नुसते म्हणाला, "राहू दे. दुरुस्त नाही करायचा. बघू दे सगळ्यांना."

आणि खरोखरच त्याने दोन वर्षे तो ओरखडा तसाच ठेवला. त्या दोन वर्षांत त्याच्या हातून पुढचा बंपर दोनदा फुटला. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत गाडी गॅरेजमधून नीट होऊन आली. मागच्या दाराला मात्र हात लावायचा नाही. पाहुणे आले की त्यांना खाली नेऊन दाखवायचे, "हे आमच्या मॅडमचं ड्रायव्हिंग." सासूबाईंनी शेजारणीला सांगायचे, मेहुण्यांनी लग्नात सांगून हशा मिळवायचा. दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेली किल्ली केव्हातरी त्याच्या कपाटात गेली. "तू चालवू नकोस" असे त्यांना कोणीही म्हटले नाही. त्यांनीच मागायचे सोडले.

मग एका रात्री दीडच्या सुमाराला सहा वर्षांच्या मुलीला तापात झटके आले. नवरा कामानिमित्त परगावी. गाडी खाली उभी. लायसन्स पर्समध्ये. बाई कपाटासमोर उभ्या राहिल्या. किल्ली कुठे आहे ते त्यांना माहीत होते. "पण मला वाटलं, आणखी एक ओरखडा पडला तर?" त्यांनी मुलीला चादरीत गुंडाळले आणि मोठ्या रस्त्यापर्यंत धावत गेल्या. रिक्षा मिळायला पंचवीस मिनिटे लागली. मुलगी बरी झाली. ती पंचवीस मिनिटे बाई अजून विसरलेल्या नाहीत.

आता माझ्याबद्दल सांगते. मी समाजकार्यात एम.ए.च्या तोडीची पदवी घेतलेली, दहा वर्षे हे काम करणारी बाई. त्या दिवशीच्या नोंदवहीत मी लिहिले: मारहाण, पगारावर ताबा, माहेरी जाण्यास अडथळा. ओरखड्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. मला तो 'विषय' वाटलाच नाही. घरी जाताना गाडी चालवता चालवता लक्षात आले, की त्या घरातले सगळ्यात स्वस्त, सगळ्यात टिकाऊ आणि कोणत्याही कलमात न दिसणारे शस्त्र मी नोंदवायचे विसरले. त्या माणसाने दाराला कुलूप लावले नव्हते. एक रेघ तेवढी जपून ठेवली होती. कुलपाचे काम ती करत होती.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. कौटुंबिक नात्यामुळे बाईला ज्या साधनांचा आणि सोयींचा वापर करण्याचा हक्क आहे, त्यांच्यापासून तिला रोखणे किंवा त्यावर बंधने घालणे हेही त्यात येते. गाडीवरच्या ओरखड्याचा खटला करा असे मी म्हणत नाही. पण किल्ली कोणाच्या कपाटात असते हा प्रश्न आपल्या अर्जांमध्ये, आपल्या प्रश्नावलीत असायला हवा, एवढे तर म्हणते.

सौदी अरेबियात बायकांना गाडी चालवायला बंदी होती. 6 नोव्हेंबर 1990 ला रियाधमध्ये 47 बायकांनी रस्त्यावर गाड्या काढल्या. त्यांना पकडले गेले, त्यांचे पासपोर्ट काढून घेतले गेले, नोकऱ्यांवर गदा आली. ती बंदी उठायला जून 2018 उजाडले. आपण ती बातमी वाचून हळहळलो. आपल्याकडे अशी बंदी कधीच नव्हती. आपल्याकडे हसे होते. पोलिसाची गरज पडली नाही.

साहेबांना पाठवा

बाईंची गोष्ट ऐकली त्याच्या चारच महिन्यांनी माझ्या हातून आमच्या संस्थेची गाडी घासली. जुनी, चौथ्या हातातून आमच्याकडे आलेली पांढरी मारुती. मी स्वतः एकतिसाव्या वर्षी गाडी शिकले, तीही संस्थेचे चालकदादा नोकरी सोडून गेले आणि वाड्यावस्त्यांवरच्या सभा थांबल्या म्हणून. एका सरकारी कार्यालयाच्या आवारात वळण घेताना कडेच्या पिवळ्या-काळ्या दगडाला डावी बाजू लागली. पुढच्या मडगार्डपासून दारापर्यंत हातभर पट्टा. पांढऱ्यावर पिवळा रंग, मध्येच करड्या रेघा, आणि दाराच्या खालच्या कडेला दोन ठिकाणी उघडा पत्रा.

गॅरेजमध्ये नेली. मालकाने लांबूनच पाहिले आणि सांगितले, "दोन पॅनेल मारावे लागतील. सात हजार." मी विचारले, एवढ्याशा रेघेला दोन पॅनेल का? तर म्हणाले, "मॅडम, ते तुम्हाला नाही समजायचं. साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." आमच्या संस्थेत साहेब नाहीत. आम्ही नऊ बायका आहोत आणि गाडीचा दुरुस्तीचा खर्च वर्षाला किती करायचा ते देणगीच्या कागदात लिहिलेले असते.

त्या मालकाला मी लबाड म्हणणार नाही. नवा रंग जुन्यात मिसळायचा तर अख्खे पॅनेल मारावे लागते, हे खरेच आहे. पण त्या पट्ट्यापैकी बराच भाग रंगवण्याची गरजच नव्हती, हे त्यांनी सांगितले नाही. ते मला सांगितले आमच्या बचत गटातल्या एका वहिनींच्या मिस्टरांनी. तीस वर्षे डेंटिंग-पेंटिंग केलेले गृहस्थ, आता दम लागतो म्हणून घरी असतात. त्यांनी अंगठ्याचे नख पट्ट्यावरून फिरवले आणि म्हणाले, "ताई, हा बराचसा ओरखडा नाहीच. त्या दगडाचा रंग तुमच्या गाडीला लागलाय. पुसून निघेल." दहा मिनिटांत त्यांनी मला जे दाखवले ते इथे लिहिते. हे ज्ञान अवघड म्हणून आपल्यापासून दूर राहिलेले नाही. आपल्याला कोणी दाखवले नाही, एवढेच.

नखाने बघायचे, मग ठरवायचे

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. आत पत्रा. त्यावर अस्तर, म्हणजे प्रायमर. त्यावर रंग. आणि आताच्या बहुतेक गाड्यांवर सगळ्यात वर पारदर्शक थर, त्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाच्या जेमतेम एक-दीड पट. एवढ्या पातळ गोष्टीवरून घराघरांत एवढी मोठी रामायणे होतात.

पहिले काम, गाडी सावलीत घ्या आणि पाण्याने स्वच्छ धुवा. धुळीवर कोरडे फडके फिरवले तर तीच धूळ नवे ओरखडे काढते. पत्रा उन्हाने तापलेला असेल तर थांबा. मग ओरखडा ओला असतानाच नीट पाहा. ओल्या जागी रेघ दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत दिसली, तर ती वरच्या थरातली आहे. नंतर रेघेवरून आडवे नख फिरवा. नख अडकले नाही तर पॉलिशने काम भागते. नख अडकले आणि आत पांढरट किंवा करडे दिसले तर रेघ अस्तरापर्यंत गेली आहे. चमकते दिसले तर पत्रा उघडा पडला आहे. बंपर बहुधा प्लॅस्टिकचा असतो. तिथे आत काळे दिसते आणि गंजण्याची भीती नसते. तो ओरखडा वर्षभर तसाच राहिला तरी गाडीचे काही बिघडत नाही.

नख न अडकणाऱ्या रेघेसाठी आणि दुसऱ्याचा रंग लागला असेल तर, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात रबिंग कंपाउंड मागा. ओलसर मऊ सुती फडक्यावर हरभऱ्याएवढे घ्या. तळहाताएवढ्या जागेत हलक्या हाताने पुढे-मागे घासा, पुसा, पाहा. लागले तर पुन्हा करा. जोर लावू नका आणि उंचवट्याच्या कडांवर फार घासू नका, तिथे रंग पातळ असतो आणि लवकर उडतो. आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीवर घासताना फडके पांढरे व्हायला लागले आणि मी घाबरून थांबले. ते काका हसले. जुन्या साध्या रंगांवर पारदर्शक थर नसायचा, त्यामुळे थोडा रंग फडक्यावर येतोच. नंतर मेणाचे पॉलिश लावून पुसले की झाले. टूथपेस्टने ओरखडे जातात असे म्हणतात, ते अर्धे खरे आहे. तिच्यात बारीक घासणारी पूड असते, म्हणून अगदी वरवरची रेघ मंद होते. त्यापुढे तिच्याकडून अपेक्षा करू नका.

नख अडकणारी रेघ असेल तर गाडीच्या रंगाचा नंबर शोधा. तो दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर असतो. त्या नंबराची टच-अपची छोटी बाटली मिळते. पत्रा दिसत असेल आणि गंज धरला असेल तर आधी गंज काढायचा. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने तेवढीच जागा घासायची, पत्रा चमकेपर्यंत, आणि नीट वाळवून त्याच दिवशी प्रायमरचा थेंब लावायचा. उघडा पत्रा पावसाळ्यात ठेवाल तर गंज रंगाखालून पसरतो. कोकणात समुद्राच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. प्रायमर वाळल्यावर बाटली चांगली हलवून, बारीक ब्रशने किंवा काडेपेटीच्या काडीच्या टोकाने रंग फक्त रेघेत भरायचा. जाड थर एकदा देण्यापेक्षा पातळ थर तीनदा, प्रत्येक वेळी वाळू देऊन. वर पारदर्शक थर असलेली गाडी असेल तर तोही तसाच. मग आठ-दहा दिवस हात लावायचा नाही. त्यानंतर 2000 नंबरच्या ओल्या पेपरने उंचवटा हलकेच सपाट करायचा आणि कंपाउंड फिरवायचे.

खोटे आश्वासन देत नाही. जवळून पाहिले तर दिसते, चमकी असलेल्या रंगावर तर जास्तच. पण पत्रा वाचतो आणि चार पावलांवरून डोळ्यात येत नाही. माझे सगळे मिळून साडेसहाशे रुपये आणि दोन रविवार गेले. कंपाउंड आणि पेपर अजून निम्मे शिल्लक आहेत.

काय घरी करायचे नाही तेही सांगते. पत्र्याला पोचा आला असेल, लांबी भरायची असेल, अख्खा दरवाजा रंगवायचा असेल, तर ते कारागिराचे काम. फवारणीचे दोन भाग मिसळून करायचे रंग तर घरी मुळीच नको. त्यांच्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात, त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. थिनरचा वास बंद खोलीत घ्यायचा नाही, गरोदर बाईने तर जवळही जायचे नाही. ज्या काकांनी मला हे शिकवले त्यांना आयुष्यभर कोणी धड मुखवटा दिला नाही. त्यांना आज लागणारा दम मला त्या सात हजारांच्या अंदाजपत्रकात कुठे दिसला नाही.

विम्याचेही एक गणित आहे, जे बहुतेक घरांत नवऱ्यालाच माहीत असते. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात 20 टक्के सूट मिळते. ती वाढत वाढत, सलग पाच वर्षे दावा नसेल तर, 50 टक्क्यांपर्यंत जाते. दावा केला की ती सूट जाते. शिवाय प्रत्येक दाव्यात सक्तीची वजावट असते, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये. म्हणजे हजार-दोन हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करणे बहुधा तोट्याचे. हे गणित एकदा बाईला समजले की "तुझ्यामुळे विमा गेला" हे वाक्य तिला ऐकून घ्यावे लागत नाही. सूट किती, गेली किती, कोणाच्या दाव्याने गेली, हे ती पॉलिसीचा कागद काढून विचारू शकते.

आता आक्षेप

पहिला आक्षेप ताईंचा. आपल्या बायांकडे गाड्याच नाहीत, हा मध्यमवर्गीय चोचला आहे. ताई, आपल्या आशा आज कशावरून फिरतात? अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, बँकेची कामे करणाऱ्या सख्या, पोळ्यांचे डबे पोचवणाऱ्या बाया? स्कूटरवरून. त्या स्कूटरचा हप्ता त्या फेडतात आणि ती घासली की घरी बोलणीही त्याच खातात. रंगवलेल्या पत्र्याला आणि प्लॅस्टिकला हेच फडके आणि हेच नख चालते. शिवाय आपल्या संस्थांच्या गाड्या आहेतच. किती संघटनांत सभा सहाला संपते, कारण चालकाला घरी जायचे असते? किती कार्यकर्त्यांना लायसन्स असून संस्थेची गाडी दिली जात नाही, कारण "घासली तर देणगीदारांना काय सांगणार"? नवऱ्याचे वाक्य आपण आपल्या कार्यालयातही बोलतो, फक्त बोलताना आवाज मऊ असतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि तो एका तरुण कार्यकर्तीने केला. "म्हणजे भांडी, धुणे, मुले, म्हातारी माणसे, आणि आता नवऱ्याच्या गाडीचे पॉलिशही बायकांनीच करायचे?" तिचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. या लेखाचा असा अर्थ कोणत्याही घरात काढला गेला तर हे पान फाडून टाका. ज्याच्या हातून घासली त्याने घासून काढावी, हा साधा नियम आहे. फडके आणि किल्ली एकाच हातात असली पाहिजेत. किल्लीशिवाय नुसते फडके मिळाले तर ते मोलकरणीचे काम, आणि तेही बिनपगारी. फडक्याशिवाय नुसती किल्ली मिळाली तर ती कधीही परत मागता येणारी मेहेरबानी. दोन्ही मिळाल्या तरच तो हक्क.

तिसरा आक्षेप, गॅरेजमधल्या कामगाराच्या पोटावर पाय नको. ज्या काकांनी मला शिकवले त्यांनाच मी हे विचारले. ते म्हणाले, "असल्या रेघांवर कोणाचं पोट चालत नाही ताई. पण बाई येऊन नीट विचारायला लागली, की मालकाला तिला खरं सांगावं लागतं. आणि आम्हालाही." मला वाटते याहून जास्त लिहायला नको.

हे आपण आधी केले आहे

हत्यार हातात घेणे ही आपल्या चळवळीसाठी नवी गोष्ट नाही. आपण ती विसरत चाललो आहोत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या कामातून दलित आणि आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी पाने उचलले आणि पाईप उपसले. बाईने पंपाला हात लावला तर पाणी आटेल असे म्हणणारे लोक त्यांच्या गावातही असतील. त्याच सुमाराला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने हजारो बायकांना सायकल शिकवली. वाचायला शिकण्याचा आणि पायडल मारायला शिकण्याचा संबंध काय, असे तिथे कोणी विचारत बसले नाही. जिला स्वतःहून वर्गाला येता येते, ती वर्गाला येते.

आणि मोटारीचेच म्हणाल तर, जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास एका बाईने केला. 1888 साली बर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या गाडीतून जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, शंभराहून जास्त किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकच्या लाकडाला चांभाराकडून कातडे ठोकून घेतले. पेट्रोल पंप नव्हते, म्हणून औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतले. गाडीच्या इतिहासात बाई पहिल्यापासून आहे, हातात पिन घेऊन. "बाई चालवतेय, बाजूला घे" हे त्यानंतर केव्हातरी आले.

आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या आणि पुढे त्यांनी डेक्कन क्वीन चालवली. त्यांचे फोटो आपण 8 मार्चच्या पत्रकांवर छापतो. छापावेतच. पण त्याच दिवशी आपल्या मंडपाबाहेर किती गाड्या बायकांनी स्वतः चालवत आणल्या, तेही मोजू या.

पुढे काय

बाईंचे काय झाले ते सांगायचे राहिले. संयुक्त बैठकीत आम्ही मारहाण आणि एटीएम कार्डाबरोबर तिसरा मुद्दा लेखी मांडला: गाडीच्या दोन किल्ल्या आहेत, त्यातली एक बाईंकडे राहील. नवऱ्याला पहिले दोन मुद्दे अपेक्षित होते. तिसऱ्यावर तो सगळ्यात जास्त वेळ भांडला. "गाडी ठोकली तर?" असे त्याने चार वेळा विचारले. चौथ्या वेळी बाई म्हणाल्या, "तर मी दुरुस्त करीन. तुमचा बंपर मी दोनदा बघितलाय." किल्ली मिळाली. सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. केस अजून चालू आहे आणि बाईंचे पुढचे निर्णय बाई घेतील.

एका रविवारी त्या ती गाडी घेऊन आमच्या केंद्राच्या आवारात आल्या. एकट्या, मुलीला मागे बसवून. दोन वर्षे जपलेल्या त्या ओरखड्याला तोवर खालच्या टोकाशी गंज धरला होता. आम्ही दोघींनी पेपर भिजवला. मुलगी बादलीतले पाणी ओतत होती. वरचा अर्धा भाग कंपाउंडने गेला, मधला रंगाने भरला. खालच्या टोकाला गंज खोल गेला होता, तिथे रंग थोडा फुगलेला राहिला. मी म्हटले, इथे अजून दिसतोय. बाई म्हणाल्या, "दिसू दे. आता तो माझा आहे."

म्हणून माझ्या मागण्या पुन्हा मांडते, आणि या वेळी हसण्याआधी वाचा एवढी विनंती. एक, आपल्या समुपदेशन केंद्रांच्या प्रश्नावलीत पगार आणि दागिन्यांबरोबर वाहनाचाही प्रश्न घाला: घरात वाहन आहे का, कोणाच्या नावावर, हप्ता कोण भरते, किल्ली कुठे असते. दोन, संस्थेच्या गाडीवर लायसन्स असलेल्या प्रत्येक कार्यकर्तीचा अधिकार लेखी नोंदवा, आणि घासली तर दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने, टोमण्याशिवाय, असेही लिहा. तीन, पुढच्या शिबिरात अर्धा दिवस द्या. एक जुना घासलेला दरवाजा भंगारातून मी आणते, कंपाउंड आणि पेपर माझ्याकडे आहेतच. ज्या काकांनी मला शिकवले ते शिकवायला तयार आहेत. त्यांना मानधन द्यायचे आहे, ते अंदाजपत्रकात धरा.

ज्येष्ठ ताईंना माझे वेगळे आमंत्रण आहे. ताई, तुमच्या स्कूटरच्या डाव्या बाजूला मडगार्डवर एक लांब रेघ आहे. गेली तीन वर्षे मी ती बघते आहे. शिबिराला येताना स्कूटर घेऊन या.